तिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी : डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर आणि हेलेनबाई



आपल्या मंडळातल्या घरांतून अलीकडे एक विषय निघू लागला आहे. पस्तिशी-चाळिशीची मुलगी, जावई किंवा सून, हाताशी बरी नोकरी असताना म्हणते की आता मला रुग्णसेवेच्या क्षेत्रात जायचे आहे. मग घरात दोन तट पडतात. एकाचे म्हणणे असते की जायचेच तर डॉक्टर व्हावे, नर्सिंग कशाला? दुसऱ्याचे म्हणणे असते की साडेपाच वर्षांचे एमबीबीएस आणि त्याआधीची प्रवेश परीक्षा या वयात झेपणार कशी, त्यापेक्षा तीन-चार वर्षांचा नर्सिंगचा अभ्यासक्रम बरा. आम्ही बँकेत उभी हयात कर्जाचे अर्ज तपासण्यात घालवलेली माणसे, वैद्यकातले आम्हाला काही कळत नाही. पण असा निर्णय तिशीत घेतलेल्या एका जगप्रसिद्ध माणसाचे चरित्र आमच्या वाचनात होते. त्यांनी डॉक्टर होण्याचा रस्ता धरला आणि त्यांच्या पत्नीने परिचारिकेचा. दोघांनीही आपला हिशेब आधी मांडला होता. म्हणून ही ओळख.

अल्बर्ट श्वाइट्झर यांचा जन्म १४ जानेवारी १८७५ रोजी अल्सास प्रांतातल्या कायझर्सबर्ग या छोट्या गावात झाला. वडील पाद्री होते. अल्बर्ट तान्हे असतानाच कुटुंब जवळच्या गुन्सबाख गावी राहायला गेले आणि तेच त्यांचे गाव ठरले. अल्सास हा फ्रान्स आणि जर्मनी यांच्या सीमेवरचा मुलूख. १८७१ मध्ये तो जर्मनीकडे गेला, १९१८ नंतर पुन्हा फ्रान्सकडे आला. घरात एक भाषा, कचेरीत दुसरी, ही स्थिती महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना वेगळी समजावून सांगायला नको. श्वाइट्झर जर्मन आणि फ्रेंच दोन्ही भाषांत लिहीत, बोलत. मात्र सीमेवरच्या या जन्माची किंमत त्यांना पुढे मोजावी लागली. ती हकिगत ओघात येईलच.

बुद्धी चौफेर होती. १८९९ मध्ये त्यांनी तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवली, प्रबंध कांट या तत्त्ववेत्त्यावर होता. पुढच्याच वर्षी ईश्वरविद्येतली पदवी आली. स्ट्रासबर्गच्या सेंट निकोलस चर्चमध्ये ते प्रवचने देत, विद्यापीठात शिकवत, आणि १९०३ पासून तिथल्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचे प्रमुख होते. त्याशिवाय ऑर्गन हे वाद्य ते असे वाजवत की पॅरिसचे मोठे ऑर्गनवादक शार्ल-मारी वीडोर त्यांचे गुरू आणि पुढे स्नेही झाले. बाख या संगीतकारावरचा त्यांचा फ्रेंच ग्रंथ १९०५ मध्ये निघाला. थोडक्यात, वयाच्या तिशीत पद, पगार, राहायला घर आणि नाव, असे सगळे पदरात होते.

पण त्यांच्या मनात एक जुना करार होता, स्वतःशीच केलेला. १८९६ मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्यांनी ठरवले होते की तिसाव्या वर्षापर्यंत विद्या आणि कला यांच्यासाठी जगायचे आणि त्यानंतर थेट माणसांच्या सेवेत उतरायचे. सेवा कोणती, हे तेव्हा ठरलेले नव्हते. त्यांनी आधी घराजवळच शोध घेतला. स्ट्रासबर्गमधल्या अनाथ, टाकून दिलेल्या मुलांना सांभाळायची तयारी दाखवली, पण संस्थांच्या नियमांत बाहेरच्या माणसाच्या मदतीला जागा नव्हती. मग त्यांनी बेघर आणि तुरुंगातून सुटलेल्या लोकांसाठी काम केले. तिथेही एकट्याने करता येईल असे थोडेच होते.

१९०४ च्या शरद ऋतूत त्यांच्या टेबलावर पॅरिसच्या एका मिशनरी संस्थेचे मासिक येऊन पडले. मध्य आफ्रिकेतल्या गॅबॉन भागात माणसांची निकड आहे, असा लेख त्यात होता. लेख वाचून संपला आणि त्यांचा शोधही संपला. जानेवारी १९०५ मध्ये तिशी पूर्ण झाली. १३ ऑक्टोबर १९०५ रोजी पॅरिसमध्ये त्यांनी आईवडिलांना आणि जवळच्या मित्रांना पत्रे टाकली : येत्या सत्रापासून मी वैद्यकीय विद्यार्थी होतो आहे आणि पुढे आफ्रिकेत डॉक्टर म्हणून जाणार आहे.

घरात आणि मित्रमंडळींत जो गहजब झाला तो आपल्याकडच्या कुठल्याही घराला शोभला असता. कुणी म्हणाले, मिळवलेले सगळे पाण्यात घालतो आहेस. कुणी सुचवले की व्याख्याने दे, निधी गोळा कर, तुझ्या नावाने दहा डॉक्टर पाठवता येतील. वीडोर तर फारच चिडले. सेनापतीने शिपायाची बंदूक खांद्यावर घेऊन खंदकात उतरावे तसे हे त्यांना वाटले.

आता मुद्द्याचा प्रश्न. प्रवचनकार म्हणून ते लगेच निघू शकले असते. मग सात-साडेसात वर्षे खर्चून डॉक्टरच का व्हायचे? त्यांच्या स्वतःच्या लेखनातून दोन कारणे दिसतात. पहिले साधे होते : ज्या भागात जायचे तिथे डॉक्टर नव्हता, आणि मिशनऱ्यांची सर्वांत मोठी तक्रार तीच होती. दुसरे कारण स्वभावाचे होते. इतकी वर्षे त्यांनी शब्दांवर काढली होती, शिकवणे आणि प्रवचन हाच व्यवसाय. आता त्यांना न बोलता, हातांनी करण्याचे काम हवे होते.

हे दुसरे कारण पुढे व्यवहारातही उपयोगी पडले. त्यांची धर्ममते पॅरिसच्या संस्थेला सनातनी वाटत नव्हती, म्हणून ती त्यांना घ्यायला तयार नव्हती. तेव्हा त्यांनी कबूल केले की मी केवळ डॉक्टर म्हणून येतो, प्रवचन देणार नाही आणि खर्चही तुमच्यावर टाकणार नाही. या अटीवर परवानगी मिळाली. त्यांच्या हाती वैद्यकाची पदवी नसती तर ते दार उघडलेच नसते.

शिक्षणाची वर्षे सोपी नव्हती. ज्या विद्यापीठात ते शिकवत होते तिथेच विद्यार्थी म्हणून नाव घालायचे, ही नियमाची अडचण होती. ती खास परवानगीने सुटली. १९०६ मध्ये वसतिगृहाचे प्रमुखपद सोडावे लागले आणि त्याबरोबर घरही. शिकवणे, रविवारची प्रवचने, ऑर्गनच्या मैफलींसाठी पॅरिसच्या फेऱ्या आणि ग्रंथलेखन हे सगळे चालू ठेवून ते शरीररचनाशास्त्राच्या वर्गात विशीतल्या पोरांबरोबर बसत. त्या वर्षांतला थकवा त्यांनी मोकळेपणाने नोंदवला आहे. पाठांतराची शक्ती विशीतल्यासारखी राहिली नव्हती. पहिल्या टप्प्याच्या परीक्षेआधी बरोबरच्या मुलांनी आग्रह करून त्यांना आपल्या घोकंपट्टीच्या मंडळात ओढले, आणि मे १९०८ मध्ये ते बरे गुण मिळवून पास झाले. पण आयुष्यभर मतमतांतरांत वावरल्यावर निसर्गविज्ञानातली वस्तुस्थिती हाताळायला मिळाली, याचा त्यांना खरा आनंद झाला, हेही त्यांनीच लिहून ठेवले आहे. मोठ्या वयात शिकणाऱ्याला पाठांतर जड जाते, पण आपण हे कशासाठी शिकतो आहोत हे त्याला ठाऊक असते.

१९११ च्या ऑक्टोबरात शेवटची सरकारी परीक्षा सुरू झाली. तिची फी त्यांनी म्युनिकच्या संगीतमहोत्सवात ऑर्गन वाजवून मिळालेल्या मानधनातून भरली. डिसेंबरात परीक्षा संपली. त्यानंतर रुग्णालयातली उमेदवारी, पॅरिसमध्ये उष्ण प्रदेशातल्या रोगांचा अभ्यास आणि वैद्यकाचा प्रबंध, हे सगळे होईतो १९१३ साल उजाडले.

आता हेलेनबाईंकडे वळू. हेलेन ब्रेसलाउ यांचा जन्म १८७९ मध्ये बर्लिनचा. वडील हॅरी ब्रेसलाउ हे नामांकित इतिहासकार. कुटुंब मूळचे ज्यू. वडील स्ट्रासबर्ग विद्यापीठात आले तेव्हा हेलेन अकरा-बारा वर्षांच्या होत्या. त्यांनी शिक्षिकेचे शिक्षण घेतले. १९०५ ते १९०९ या काळात त्या स्ट्रासबर्ग नगरपालिकेच्या सेवेत अनाथ मुलांच्या देखरेखीच्या अधिकारी होत्या. त्या काळात बाईला असे पद मिळणे ही विशेष गोष्ट होती. तिथे त्यांनी अविवाहित मातांसाठी आसरा उभा करायलाही पुढाकार घेतला. अल्बर्ट यांची आणि त्यांची मैत्री त्याआधीपासूनची, आणि आफ्रिकेचा बेत ज्यांना सर्वांत आधी ठाऊक होता त्यांपैकी त्या एक.

हेलेनबाईंपुढेही निवड होती. बुद्धी, शिस्त आणि घरचे वळण पाहता अवघड अभ्यास त्यांना अशक्य नव्हता. पण त्यांनी बेताच्या दृष्टीने विचार केला. डॉक्टर तर तयार होतो आहे, आता त्याच्या शेजारी उभे राहायला कोण? १९०४ मध्ये त्यांनी नर्सिंगचा छोटा अभ्यासक्रम केलेला होताच. नगरपालिकेची नोकरी सोडून, तिशीत, त्या फ्रँकफुर्टला गेल्या आणि रीतसर परिचारिकेचे शिक्षण घेऊन परीक्षा दिली. शिवाय अल्बर्ट यांच्या ग्रंथांची हस्तलिखिते आणि मुद्रिते तपासण्याचे काम त्या करतच होत्या. १८ जून १९१२ रोजी दोघांचे लग्न झाले.

आमच्या पेशामुळे पैशाची बाजू आम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही. श्वाइट्झर यांनी ओळखीच्या प्राध्यापकांकडे, सेंट निकोलसच्या मंडळींकडे आणि मित्रांकडे स्वतः जाऊन वर्गणी मागितली. पॅरिसच्या बाख सोसायटीने त्यांच्यासाठी मैफल केली. औषधे आणि साहित्य यांची ७० खोकी भरून फेब्रुवारी १९१३ मध्ये बोर्दो बंदराला पाठवली गेली. निघताना त्यांनी २,००० मार्क नोटांऐवजी सोन्याच्या नाण्यांत बरोबर घेतले. हेलेनबाईंना ते पटेना. तेव्हा त्यांनी कारण सांगितले की युद्ध होण्याचा संभव आहे, आणि तसे झाले तर कागदी चलनाचे व बँकेतल्या शिलकीचे काय होईल याचा भरवसा नाही. दीड वर्षाच्या आत ते खरे ठरले.

२६ मार्च १९१३ रोजी बोर्दोहून आगबोट निघाली आणि एप्रिलच्या मध्याला दोघे ओगोवे नदीकाठच्या लांबारेने या ठिकाणी पोहोचले. विषुववृत्त तिथून फार लांब नाही. दवाखान्याची इमारत तयार नव्हती, पण रोगी दारात उभे होते. शेवटी कोंबड्यांचे एक जुने खुराडे साफ करून, चुना मारून तिथे तपासणी सुरू झाली. मलेरिया, निद्रारोग, कुष्ठरोग, आमांश, हर्निया, चिघळलेल्या जखमा असे रोगी दोन-तीनशे किलोमीटरवरून होड्यांतून येत. बरोबर नातेवाईक येत आणि तिथेच चूल मांडत. आपल्याकडच्या सिव्हिल हॉस्पिटलचे आवार ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे चित्र नवे नाही. पहिल्या नऊ महिन्यांत सुमारे २,००० रोगी तपासले गेले.

मदतीला जोसेफ अझोवानी नावाचे स्थानिक गृहस्थ होते. ते पूर्वी आचारी असल्यामुळे दुभाषाचे काम करताना रोग्याचे दुखणे ते मटणाच्या तुकड्यांच्या नावांनी सांगत, म्हणजे कुणाचा उजवा कटलेट दुखतो वगैरे. या जोसेफनी पुढे बरेच वैद्यक आत्मसात केले.

आणि हेलेनबाई? शस्त्रक्रियेची तयारी त्यांच्याकडे, भूल देणे त्यांच्याकडे, हत्यारे निर्जंतुक करणे, पट्ट्या आणि शस्त्रक्रियेचे कपडे, गंभीर रोग्यांची देखभाल, हे सगळे त्यांच्याकडे. त्याशिवाय घर. अडकलेल्या हर्नियाचा रोगी वेदनेने तळमळत आला की काही तासांत शस्त्रक्रिया झाली तरच तो वाचणार. तिथे हातात शस्त्र धरणारा एक लागतो आणि भूल देऊन श्वासावर लक्ष ठेवणारा दुसरा. दुसरा नसेल तर पहिल्याची सात वर्षांची पदवी त्या रात्री निरुपयोगी आहे. एक वर्षाचे शिक्षण आणि सात वर्षांचे शिक्षण यांतले मोठे कोणते, हा प्रश्न त्या टेबलाजवळ कुणाला सुचलाही नसता.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटले. अल्सासचे म्हणून दोघे जर्मन प्रजाजन आणि गॅबॉन फ्रेंचांच्या ताब्यात. आपल्याच दवाखान्यात ते कैदी झाले. काही महिन्यांनी काम करू दिले गेले, पण १९१७ मध्ये दोघांना फ्रान्समध्ये नेऊन नजरकैदेत ठेवले, आधी गाराझों आणि मग सां रेमी येथे. १९१८ च्या जुलैत कैद्यांच्या अदलाबदलीत सुटका झाली. १४ जानेवारी १९१९ रोजी, वडिलांच्याच वाढदिवशी, मुलगी र्‍हेना जन्मली.

दवाखाना युद्धकाळात चालवण्यासाठी झालेले कर्ज डोक्यावर होते. १९२० मध्ये स्वीडनच्या आर्चबिशपांनी व्याख्यानांना बोलावले. तिथली व्याख्याने आणि ऑर्गनच्या मैफली यांतून श्वाइट्झर यांनी कर्ज फेडायला घेतले आणि परत जाण्याचे भांडवलही जमवले. ज्या विद्या सोडल्या म्हणून मित्र हळहळले होते, त्याच विद्यांनी दवाखाना जगवला.

१९२४ मध्ये ते लांबारेनेला परतले, पण हेलेनबाईंशिवाय. आफ्रिकेचे हवामान आणि नजरकैद यांनी त्यांची प्रकृती ढासळली होती, क्षयाने गाठले होते आणि मूल लहान होते. जर्मनीतल्या क्योनिग्सफेल्ड गावी बांधलेल्या घरात त्या मुलीला घेऊन राहिल्या. ज्या कामासाठी नोकरी सोडून शिक्षण घेतले, ते हातून सुटले. या चरित्रातली ही जागा आम्हाला सर्वांत जड वाटते. श्वाइट्झर यांच्या निर्णयाची किंमत नुसती त्यांनी मोजली नाही, पत्नीने आणि वडिलांना मधूनमधून पाहणाऱ्या मुलीनेही मोजली.

लांबारेनेला जुना दवाखाना मोडकळीला आला होता. तो उभारतात तोच १९२५ मध्ये दुष्काळ आणि आमांशाची साथ आली. जागा अपुरी पडली म्हणून नदीच्या वरच्या अंगाला नवा दवाखाना बांधला आणि जानेवारी १९२७ मध्ये रोगी तिथे हलवले. आता युरोपातून डॉक्टर आणि परिचारिका येऊ लागल्या होत्या. माथिल्ड कोटमान आणि एम्मा हाउसक्नेख्ट या दोघींनी तर आपले आयुष्यच तिथे घातले. एम्माबाई मूळच्या शिक्षिका.

हेलेनबाईंनी हार मानली नव्हती. हिटलर आल्यावर ज्यू मूळ असल्यामुळे त्यांना जर्मनी सोडावी लागली. अमेरिकेत जाऊन त्यांनी दवाखान्यासाठी व्याख्याने दिली. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स पडल्यावर, पोर्तुगाल आणि अँगोलाच्या वाटेने, त्या ऑगस्ट १९४१ मध्ये लांबारेनेला पोहोचल्या. तेव्हा वय ६२. थकलेले कर्मचारी पाहून त्या पुन्हा कामाला लागल्या आणि युद्ध संपेपर्यंत तिथे राहिल्या.

१९५२ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक श्वाइट्झर यांना जाहीर झाले. ती रक्कम कुष्ठरोग्यांच्या वसाहतीच्या कामी लागली. १९५७ मध्ये ऑस्लो रेडिओवरून त्यांनी अणुचाचण्यांविरुद्ध जगाला आवाहन केले. आपल्याशी त्यांचा एक धागा असा की भारतीय विचारवंतांच्या जीवनदृष्टीवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे, तो १९३५ मध्ये निघाला. जीवमात्राविषयी आदर हे त्यांच्या विचाराचे सूत्र होते, आणि अहिंसेच्या परंपरेकडे ते आस्थेने पण चिकित्सक नजरेने पाहत.

त्यांच्यावर टीकाही झाली आणि ती दडवून ठेवण्यात अर्थ नाही. आफ्रिकन माणसाकडे ते वडीलभावाच्या अधिकाराने पाहत. तोलामोलाचा माणूस म्हणून जबाबदारीच्या जागा देण्यात ते कमी पडले, असे अनेकांनी दाखवून दिले आहे. दवाखाना जगाच्या मानाने मागासलेला राहिला, हाही आक्षेप होता. १९६० मध्ये गॅबॉन स्वतंत्र झाल्यावर हे प्रश्न अधिक टोचू लागले. मोठ्या कामाबरोबर हे आक्षेपही नोंदलेले राहणार.

या सगळ्यातून आम्हाला जो बोध वाटतो तो साधा आहे. श्वाइट्झर डॉक्टर झाले ते डॉक्टरकी वरची आणि नर्सिंग खालचे म्हणून नव्हे. जिथे जायचे तिथे काय नाही, हे त्यांनी आधी पाहिले आणि तेवढ्यासाठी सात वर्षे दिली. हेलेनबाईंनीही तोच प्रश्न विचारला, आणि त्यांचे उत्तर वेगळे आले. आपल्या घरातल्या कुणी पस्तिशी-चाळिशीत अशी इच्छा बोलून दाखवली तर मानाची तुलना बाजूला ठेवून तीन गोष्टी कागदावर मांडाव्यात असे आम्ही सुचवू. काम नेमके कोणते करायचे आहे, निदान आणि उपचार ठरवण्याचे की दिवसरात्र रोग्याजवळ राहण्याचे? शिक्षणाची वर्षे वजा जाता त्या कामाला किती वर्षे उरतात, आणि तोवर घरखर्च कोण चालवणार? आणि या निर्णयाचा हप्ता घरातला आणखी कोण भरणार आहे, त्याला विचारले आहे का? वय झाले, हे एकटे कारण मात्र पुरेसे नाही.

हेलेनबाई १ जून १९५७ रोजी झुरिच येथे वारल्या. डॉ. श्वाइट्झर ४ सप्टेंबर १९६५ रोजी, नव्वदाव्या वर्षी, लांबारेनेलाच गेले. मुलगी र्‍हेना यांनी संसार झाल्यावर, चाळिशीच्या सुमारास, प्रयोगशाळेच्या तंत्राचे शिक्षण घेतले आणि वडिलांच्या दवाखान्यात प्रयोगशाळा सांभाळली. वडिलांनंतर काही वर्षे दवाखान्याची धुराही त्यांनीच वाहिली. ओगोवेच्या काठी आईवडिलांच्या समाध्या शेजारी-शेजारी आहेत. दवाखाना नव्या इमारतींत आजही चालू आहे.